हा मारायला कुठून शिकला? मुलांमधलं समाजविघातक वर्तन कसं घडत जातं

एका आईने विचारलं आहे: "माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तीन-चार वर्षांचा असल्यापासून मारकुटा. आता शाळेतून सारख्या तक्रारी येतात, घरातले पैसे उचलतो, समोर पकडलं तरी खोटं बोलतो. धाकट्या बहिणीला त्याच्याजवळ एकटं सोडायची भीती वाटते. माझ्या जावेचा मुलगा चौदा वर्षांचा. तो गेल्या वर्षापर्यंत अगदी सरळ होता. आता शाळा बुडवतो, सिगारेट ओढतो, मित्रांबरोबर दुकानातून वस्तू उचलताना सापडला. घरात सगळे म्हणतात, दोघं एकाच वाटेला लागलेत, पुढे गुन्हेगारच होणार. हे सगळं शिकले कुठून? माझ्या मुलाला कडक शिस्तीच्या निवासी संस्थेत टाकायचं घरात घाटतंय. टाकावं का?"

निवासी संस्थेचं उत्तर आधी देते, कारण तो निर्णय कदाचित लवकरच होईल: टाकू नका. का, ते पुढे येईलच. आणि ही दोन मुलं एका वाटेवर नाहीत. वरवर कृत्यं सारखी दिसतात, पण दोघांची सुरुवात वेगळी आहे, कारणं वेगळी आहेत, म्हणून करायचं तेही वेगळं आहे.

"कुठून शिकला" हा प्रश्न माझ्याकडे येणारे जवळजवळ सगळे पालक विचारतात. मारण्यापुरतं बोलायचं तर तो प्रश्न उलटा करावा लागतो. कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे संशोधक रिचर्ड ट्रेंबले यांनी मुलांच्या मोठ्या गटांचा लहानपणापासून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यातून दिसलं की माणूस सगळ्यात जास्त वेळा हात उगारतो, चावतो, ओरबाडतो, ढकलतो, ते वय साधारण दोन ते चार वर्षांचं असतं. हे त्या वयात कुणी शिकवलेलं नसतं. पुढे मूल शिकतं ते थांबायला. "मला दे" म्हणता येऊ लागतं, वाट पाहता येऊ लागते, राग आल्यावर मोठ्यांच्या कुशीत शांत व्हायची सवय लागते, आणि शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेकांचं मारणं झपाट्याने कमी होतं. थोड्या मुलांचं होत नाही. तुमचा मुलगा त्या थोड्यांपैकी दिसतो. म्हणून त्याच्याबाबत विचारायचं ते हे की थांबायला शिकणं कुठे अडलं?

चोरी आणि मुद्दाम रचलेलं खोटं यांचा आलेख मात्र वेगळा आहे. वय वाढतं तसं मारणं घटतं, पण चोरी, शाळा बुडवणं, तोडफोड, नियम मोडणं हे किशोरवयात वाढतं आणि विशीच्या आगेमागे उतरणीला लागतं. म्हणून चौदाव्या वर्षी पहिल्यांदा सुरू झालेली चोरी आणि चौथ्या वर्षापासून न थांबलेलं मारणं यांना एकाच मापाने मोजू नये.

थांबायला शिकणं अडतं त्याची एक बाजू मुलाची असते. काही मुलं जन्मतःच जास्त चिडणारी, घाई करणारी, लवकर न शमणारी असतात. बोलणं उशिरा येणं, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अति चंचलता यांचा विकार), वाचनात अडखळणं, शरीरात गेलेलं शिसं, हे सगळं धोका वाढवतं. आनुवंशिकतेचाही भाग आहे. जुळ्या आणि दत्तक मुलांवरचे ५१ अभ्यास एकत्र करून २००२ साली ऱ्ही आणि वॉल्डमन यांनी काढलेला निष्कर्ष असा की समाजविघातक वर्तनात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ४१ टक्के वाटा आनुवंशिकतेचा आणि बाकीचा परिस्थितीचा. हा आकडा अनेक मुलांमधल्या फरकाचा आहे. एखाद्या मुलाच्या स्वभावाची अशी वाटणी होत नाही. "आजोबांवर गेलाय, आता काय करणार" असं त्यातून कुणी काढू नये. त्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या मुलग्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी छळ सोसलेल्या मुलग्यांमध्ये ज्यांच्याकडे एका विशिष्ट जनुकाचा कमी सक्रिय प्रकार होता, त्यांच्यात पुढे हिंसक वर्तन जास्त आढळलं. छळ नसेल तर त्या जनुकाने फारसा फरक पडला नव्हता. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम छोटा ठरला, पण दिशा तीच राहिली.

दुसरी बाजू घरात रोज घडणाऱ्या देवाणघेवाणीची. इथे मला जास्त थांबायचं आहे, कारण तुमच्या हातात सगळ्यात जास्त आहे ते हेच.

अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी घरांत निरीक्षक बसवले आणि कोण काय बोललं, लगेच दुसऱ्याने काय केलं, हे क्षणाक्षणाने नोंदवून घेतलं. १९८२ साली त्यांनी जे मांडलं ते आजही माझ्या रोजच्या कामाचा पाया आहे. आई म्हणते, "मोबाइल ठेव, अभ्यासाला बस." मुलगा ऐकत नाही. ती पुन्हा सांगते, आवाज चढतो. तो ओरडतो, वस्तू फेकतो, बहिणीला एक लगावतो. दमलेली आई म्हणते, "जा, कर काय करायचं ते." त्याच क्षणी घर शांत होतं. मुलगा शिकला की पुरेसं भडकलं की सांगणं थांबतं. आई शिकली की माघार घेतली की आरडाओरडा थांबतो. दोघांनाही हे कळत नाही आणि दोघांनाही लगेच सुटका मिळते, म्हणून ते घट्ट बसतं. दुसऱ्या दिवशी वडील घरी असतात, ते सरळ कानाखाली देतात. तोही तेवढ्यापुरता थांबतो. म्हणजे वडील शिकले की मारलं की काम होतं, आणि मुलगा शिकला की ज्याच्याकडे जास्त जोर आहे त्याचं चालतं. उद्या तो हाच नियम बहिणीवर चालवतो. असे प्रसंग दिवसातून कितीतरी वेळा, वर्षानुवर्षं घडतात. त्यातून कुणीही न ठरवता एक मारकुटं मूल तयार होतं.

म्हणून "लाडाने बिघडला" आणि "धाक नाही म्हणून बिघडला" ही दोन्ही निदानं मला अपुरी वाटतात. अशा घरांत बहुतेकदा दोन्ही असतं, आलटून पालटून. कधी कशाचंच काही नाही, कधी क्षुल्लक गोष्टीसाठी मार. कुठल्या कृत्यानंतर काय होईल हे मुलाला कधीच सांगता येत नाही. त्यात आई स्वतः खचलेली असेल, घरात पैशाची ओढ असेल, नवरा-बायकोत भांडणं असतील तर हे चक्र आणखी वेगाने फिरतं. मी हे कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. चिडखोर मूल धीराच्या पालकालाही थकवतं, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की फक्त पालकांकडे बोट दाखवणं मला अन्यायाचं वाटतं. मूल पालकांना घडवतं आणि पालक मुलाला.

घरात शिकलेलं मग शाळेत जातं. तिथे मुलं अशा मुलाला खेळायला घेत नाहीत, शिक्षक त्याचं नाव आधी घेतात, अभ्यासात तो मागे पडतो. दहा-अकराव्या वर्षापर्यंत त्याच्याशी बोलायला त्याच्यासारखीच दूर सारलेली मुलं उरतात. "वाईट संगत लागली" असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा बाकीची सगळी संगत आधीच तुटलेली असते.

याच सुमाराला डोक्यातही एक गोष्ट पक्की होत जाते. केनेथ डॉज यांनी १९८० पासून दाखवून दिलं की आक्रमक मुलांना दुसऱ्याच्या संदिग्ध कृतीत वाईट हेतू दिसतो. रांगेत कुणाचा धक्का लागला तर बाकीची मुलं "चुकून लागला असेल" म्हणतात, हा म्हणतो "मुद्दाम मारला". ज्या मुलांनी घरात बेदम मार खाल्ला आहे, त्यांच्यात हा कल जास्त असतो. ज्याच्या जगात खरोखरच अचानक मार पडतो, त्याने प्रत्येक हालचालीत मार पाहणं समजण्यासारखं आहे.

आता चौदा वर्षांच्या मुलाकडे येते. टेरी मॉफिट यांनी १९९३ साली दोन वाटा वेगळ्या करून दाखवल्या. डनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास आजही सुरू आहे, आणि त्यांच्या मांडणीला मोठा आधार तिथलाच आहे. एक छोटा गट लहानपणीच सुरू होतो आणि लांबवर जातो. त्यात एका मुलीमागे सुमारे दहा मुलगे आढळले. दुसरा गट बराच मोठा. तो किशोरवयात सुरू होतो आणि बहुतेकांचा पुढे विरतो; त्यात मुली जवळजवळ मुलग्यांइतक्याच असतात. दुसऱ्या गटाचं कारण मॉफिट असं सांगतात की शरीर मोठं झालं, पण मोठ्यांचे हक्क अजून वर्षानुवर्षं मिळायचे नाहीत, आणि त्या मधल्या काळात सिगारेट, शाळेला दांडी, दुकानातली चोरी ही मोठं असल्याची खूण वाटू लागते. त्यात मित्रांची नजर. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांच्या २००५ सालच्या प्रयोगात गाडी चालवण्याचा संगणकीय खेळ एकट्याने आणि मित्रांसमोर खेळायला दिला होता. मित्र पाहत असले की किशोरवयीन मुलांचं धोका पत्करणं खूप वाढलं, प्रौढांवर तसा परिणाम झाला नाही.

म्हणजे तुमच्या पुतण्याबाबत आशा ठेवायला भक्कम कारण आहे. पण "वय आहे, जाईल आपोआप" म्हणून सोडून देऊ नका. व्यसन, शाळा सुटणं, पोलिसांत नोंद, अपघात, यांतलं एखादं घडलं तर तात्पुरतं वळण कायमचं होऊ शकतं. आणखी एक. सरळ मुलगा अचानक बदलला असेल तर आधी विचारा की त्या काळात काय घडलं. शाळेत छळ, लैंगिक अत्याचार, घरातलं आजारपण किंवा मृत्यू, नैराश्य. किशोरवयातलं नैराश्य कित्येकदा रडण्याऐवजी चिडचिडीच्या रूपात दिसतं.

तुमच्या मुलासाठी "लहानपणी सुरू झालं" हे वाचून घाबरू नका. ली रॉबिन्स यांनी सेंट लुईसमध्ये लहानपणी बाल-मार्गदर्शन केंद्रात आणलेल्या मुलांना मोठेपणी शोधून काढलं आणि १९६६ साली निष्कर्ष मांडले. त्यांच्या आणि नंतरच्या कामातून एक गोष्ट वारंवार दिसली: समाजविघातक प्रौढांचं बालपण जवळजवळ नेहमीच तसं होतं, पण तशा मुलांपैकी बहुतेक जण पुढे तसे प्रौढ झाले नाहीत. घरच्यांना यातलं दुसरं वाक्य ऐकवा.

निदानाबद्दल थोडक्यात. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या २०१३ च्या अमेरिकन निदान-पुस्तिकेनुसार कंडक्ट डिसऑर्डर, म्हणजे मुलांमधला समाजविघातक वर्तनाचा विकार, म्हणायला १५ वर्तनांपैकी किमान ३ गेल्या १२ महिन्यांत आणि किमान १ गेल्या ६ महिन्यांत दिसावं लागतं, आणि त्याने मुलाच्या जगण्यात खरा अडथळा यावा लागतो. दहा वर्षांच्या आत सुरू झालं असेल तर तशी वेगळी नोंद होते. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान १८ वर्षांच्या आत करताच येत नाही, म्हणून नऊ वर्षांच्या मुलाला "सायकोपॅथ" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मात्र एक गोष्ट तज्ज्ञाने जरूर तपासावी: दुसऱ्याला लागलं, कुणी रडलं, याने मुलाला काही वाटतं का? काही मुलांत अपराधीपणा आणि सहानुभूती खरोखर क्षीण असते. एसी व्हायडिंग यांच्या २००५ सालच्या सात वर्षांच्या जुळ्यांवरच्या अभ्यासात या मुलांच्या वर्तनात आनुवंशिकतेचा वाटा बराच जास्त निघाला. अशा मुलांवर शिक्षेचा परिणाम आणखीच कमी होतो, कौतुक आणि बक्षीस जास्त चालतं. दत्तक मुलांच्या एका अभ्यासात, जन्मदात्या आईकडून हा धोका आला असूनही, दत्तक आईचं भरपूर कौतुक मिळालेल्या मुलांत तो मागे पडलेला दिसला. म्हणजे "याला काही वाटतच नाही" म्हणून माया आखडती घेणं नेमकं उलटं आहे.

आता ती निवासी संस्था. बिघडलेली मुलं एकत्र ठेवली की ती एकमेकांना शिकवतात. टॉमस डिशन यांनी किशोरवयीन मित्रांच्या गप्पांचं चित्रीकरण केलं, तेव्हा नियम मोडल्याच्या गोष्टींवर जे जास्त हसत, दाद देत, त्यांचं वर्तन पुढे जास्त बिघडलेलं आढळलं. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली एक मोठा, मायेने आखलेला प्रयोग सुरू झाला होता: निम्म्या मुलांना वर्षानुवर्षं समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं, निम्म्यांना काही नाही. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी ती मुलं शोधली तेव्हा मदत मिळालेल्यांची अवस्था काही बाबतींत उलट वाईट होती, आणि पुढच्या विश्लेषणात तो तोटा पुन्हा पुन्हा शिबिरांना पाठवलेल्या मुलांमध्ये एकवटलेला दिसला. तुरुंग दाखवून, कैद्यांकडून दम देऊन मुलांना घाबरवण्याचा कार्यक्रम १९७० च्या दशकात न्यू जर्सीत गाजला. नीट तुलना केलेल्या चाचण्यांत त्या मुलांचे गुन्हे कमी होण्याऐवजी वाढले. यापुढे कुणी "एकदा चांगला धाक बसू दे" म्हणालं तर हे सांगा.

मारण्याबद्दलही तेच. गर्शॉफ आणि ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली १ लाख ६० हजारांहून अधिक मुलांवरचे अभ्यास एकत्र तपासले. चापट्या मारणं आणि मुलांची आक्रमकता, समाजविघातक वर्तन यांचा संबंध सातत्याने वाईटाकडेच होता. चिडखोर मुलांना मार जास्त पडतो हे खरं, पण मुलांचा पाठपुरावा करणाऱ्या, आधीचं वर्तन हिशेबात घेणाऱ्या अभ्यासांतही मार खाल्ल्यावर वर्तन वाढलेलं दिसतं.

मग करायचं काय? या वयासाठी सगळ्यात भक्कम पुरावा पालक प्रशिक्षणाचा आहे. त्यात तज्ज्ञ मुलापेक्षा तुमच्यासोबत जास्त काम करतात. त्याचा गाभा असा. सूचना एकच द्या, जवळ जाऊन, शांत आवाजात, नेमकी: "मोबाइल टेबलावर ठेव." मग गप्प राहून थोडं थांबा. ठेवला की त्याच क्षणी म्हणा, "सांगितल्यावर लगेच ठेवलास, छान." पालकांना हे खोटं वाटतं, "एवढ्याशा गोष्टीचं काय कौतुक?" पण या मुलाच्या दिवसात चांगलं केल्यावर कुणी लक्ष देतं असे क्षण अगदी थोडे असतात. रोज दहा-पंधरा मिनिटं त्याने निवडलेला खेळ त्याच्यासोबत खेळा, सूचना न देता, चुका न काढता. नाही ऐकलं तर छोटा, आधी सांगून ठेवलेला परिणाम, त्याच दिवशी संपणारा: आजचा मोबाइल बंद. महिनाभराची बंदी घालू नका, ती तुम्हीच चौथ्या दिवशी मोडाल. आणि आई-वडील दोघांचा नियम एकच हवा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण इथेच बहुतेक पालक सोडून देतात. तुम्ही माघार घेणं बंद केलंत की सुरुवातीचे काही दिवस त्याचं वागणं आणखी बिघडेल. आजवर जे चालत होतं ते चालेना, म्हणून तो अधिक जोर लावेल. त्या दिवसांत टिकलात तर उतार लागतो. त्याच दिवसांत हार मानलीत तर तो शिकेल की आणखी जोर लावावा लागतो.

पैसे उचलल्यावर "तू घेतलेस का?" असं विचारू नका. तुम्हाला माहीत असताना विचारलेला प्रश्न त्याला खोटं बोलायची एक संधी देतो. "पैसे गेले आहेत, तुझ्या दप्तरात मिळाले. आज खेळायला जायचं नाही, आणि घरातलं अमुक काम करून ते फेडायचे," एवढंच. कबुली, शपथा, भाषण काही नको. पैसे उघड्यावर ठेवू नका. बहिणीला त्याच्यासोबत सध्या एकटं ठेवू नका, आणि हे त्याला शिक्षा म्हणून न सांगता मोठ्यांची जबाबदारी म्हणून पाळा. तिलाही वेगळं बसवून विचारा की तिला काय वाटतं. अशा घरांत धाकटं भावंड सगळ्यात गप्प असतं.

जाऊबाईंना सांगा की मुलाचा फोन चोरून तपासण्याने फार हाती लागणार नाही. स्वीडनमध्ये चौदा वर्षांच्या मुलांवर झालेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टाटिन आणि कर यांना आढळलं की पालकांना मुलाबद्दल जे माहीत असतं ते पाळतीपेक्षा मुलाने स्वतःहून सांगितल्यामुळे जास्त कळतं. कुठे जातो, कोणाबरोबर, किती वाजता परत, हे ठरलेलं असावं. पण त्याने खरं सांगितलं की लगेच भडका उडत असेल तर तो सांगणं बंद करील. दुकानाच्या मालकाकडे त्याला घेऊन जा, वस्तूची भरपाई त्याच्या हाताने होऊ द्या आणि विषय तिथे संपवा. खेळ, वाद्य, काम, मोठ्या माणसांची देखरेख असलेलं काहीतरी, जिथे त्याला खरी जबाबदारी आणि मान मिळेल, ते शोधा.

आग लावणं, प्राण्यांना मुद्दाम इजा, शस्त्र बाळगणं, दुसऱ्या मुलावर लैंगिक जबरदस्ती, स्वतःला संपवण्याची भाषा, यांतलं काही असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच आठवड्यात बालमानसोपचारतज्ज्ञांना गाठा.

तुमच्या मुलाला मी तसंही दाखवायला सांगेन, कारण चौथ्या वर्षापासूनचं हे एकट्याने सोडवण्यासारखं राहिलेलं नाही. जाताना आठवडाभराची वही घेऊन जा: रोज दोन-तीन प्रसंग, आधी काय झालं, त्याने काय केलं, लगेच नंतर तुम्ही काय केलंत. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि लिहायला सगळ्यात अवघड असतो, तो सोडू नका. शाळेचे शेरे, वाचन-लेखनाचे नमुने सोबत ठेवा. कान-डोळे तपासून घ्या, एडीएचडीची चाचणी मागा. जमेल तसं दोघांनी जा. त्याच्यासमोर त्याच्या तक्रारींचा पाढा वाचू नका, ते वेगळ्या वेळेत सांगा. तुमची झोप, तुमचं खचणं, घरातली भांडणं याबद्दल तज्ज्ञ विचारतील, तेव्हा ते झाकू नका. तुम्हालाही उपचारांची गरज असेल तर ते तुमच्या मुलाच्या उपचारांत धरायचं असतं.